केणी सर आणि टाकीचं झाकण

तर्कशास्त्र हा विषय मी घेतला, कारण प्रवेशाच्या दिवशी त्या टेबलापुढे रांग नव्हती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. कोणता विषय घेतला की पुढे काय होतं, हे सांगणारं कोणी नव्हतं. गिरणी बंद पडल्यापासून वडील कांजूरमार्गच्या एका कारखान्यात वॉचमन होते. त्यांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "गर्दीत शिरू नको." मी ते विषयांनाही लागू केलं.

घरी आईनं विचारलं, "काय शिकिवत्यात त्यात?"

"बरोबर विचार कसा करायचा ते."

"आन् त्याला फी हाय?" आई म्हणाली.

तर्कशास्त्र म्हणजे तर्क लढवणं, अशी माझी समजूत होती, आणि तर्क लढवण्यात आमच्या चाळीत माझं नाव होतं. नळाला पाणी किती वाजता येईल, हे लोक मला विचारून बादल्या लावत. त्यामुळे या विषयात आपण चमकणार याबद्दल मला शंका नव्हती. ती समजूत केणी सरांनी पहिल्या तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत काढून घेतली.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात हा विषय शिकवणारे ते एकटेच. अंगानं बारीक, पांढरा बुशशर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी खडू. त्यामुळे छातीवर डाव्या बाजूला कायम एक पांढुरका ढग असायचा. वर्गात आले, वर बघितलं आणि म्हणाले, "पंखा बंद आहे."

"लाइट गेलीय सर," मागून शशी ओरडला. शशी घाटकोपरचा, माझ्याच बाकावर बसायचा आणि माझ्या वाट्याचंही बोलायचा.

"व्हरांड्यातला दिवा चालू आहे."

"मग पंखा बिघडलाय."

"कोणी बिघडवला?"

"कोणी नाय सर. आपोआप."

सरांनी खिशातला खडू काढला आणि फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं 'केलं', दुसऱ्यावर 'करवलं', तिसऱ्यावर 'होऊ दिलं'. मग म्हणाले, "आपोआप हा चौथा रकाना. तो सूर्य, वारा आणि भूकंप यांच्यासाठी राखीव आहे. कॉलेजातल्या पंख्याला तिथे जागा मिळणार नाही."

सगळा तास त्या पंख्यात गेला. कोणाला ठाऊक होतं, कोणाचा हात पोचत होता. शेवटी निघालं असं, की पंखा गेल्या वर्षापासून बंद होता आणि सर स्वतः त्याखाली वर्षभर घाम पुसत शिकवत होते. त्यांनी तिसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली आणि तास संपवला. दुसऱ्या दिवशी पंखा फिरत होता. शशी म्हणाला, "झकास यार. एवढ्यासाठी तर्कशास्त्र?" त्या दिवसापासून सरांचं नाव 'रकाने सर' पडलं.

रकाने ही नुसती सुरुवात होती. त्यांची खरी आवड म्हणजे चौकट. एखादी गोष्ट घडली की ते ती चौकटीत लिहीत आणि चौकटीच्या डोक्यावर माणसाचं अक्षर ठेवत. आमचे शिपाई परब घंटा देत. तर चौकटीत 'घंटा वाजली' आणि वर 'प'. पण ते अक्षर तिथे फुकट बसत नसे. त्या माणसानं जे केलं, त्यानंतर ती गोष्ट घडणं अटळ झालं पाहिजे, आणि तो नसता तर ती टळण्याची वाट उघडी असली पाहिजे. "कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो," सर सांगत, "पण सूर्य उगवल्याची चौकट कोंबड्याला मिळत नाही. प्रिन्सिपॉलांनाही मिळत नाही." हे वाक्य ते खालच्या आवाजात म्हणत, कारण प्रिन्सिपॉलांची केबिन शेजारीच होती.

एकट्या माणसाची चौकट सोपी, असं त्यांचं म्हणणं. त्यांना छळणारा प्रश्न वेगळा होता. समितीनं काही केलं, म्हणजे कोणी केलं? दहा जणांनी मिळून भिंत पाडली आणि एकेकट्याच्या धक्क्यानं ती पडलीच नसती, तर अक्षर कोणाचं लिहायचं? परदेशात काही लोक हेच चिन्हांनी मांडायच्या खटपटीत आहेत, असं त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचलं होतं. आपले सर ते लग्नपत्रिकांच्या पाठीवर मांडत. पत्रिकेचा कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी. स्टाफरूममध्ये कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की सर मनापासून खूश होत.

हा नाद त्यांना कुठेही लागे. एकदा बसमध्ये दारापाशी उभे राहून ते विचारात पडले, की बस कोणी थांबवली? कंडक्टरनं घंटी दिली म्हणून थांबली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून, की एका प्रवाशानं थांबवायला सांगितलं म्हणून? तेवढ्यात मागची म्हातारी ओरडली, "अवो, कुनी बी थांबिवली आसंल, तुमी उतरा आदी!" हा किस्सा त्यांनीच आम्हाला हसत सांगितला. वर म्हणाले, "तिच्या खोळंब्याच्या चौकटीवर अक्षर माझं होतं. त्याबद्दल वाद नाही."

मी या सगळ्यानं भारावून गेलो. नवीन धर्म स्वीकारलेला माणूस जुन्या भक्तांपेक्षा जास्त कडक असतो. मी घरात रकाने लावू लागलो. एका सकाळी दूध उतू गेलं. मी आईला शांतपणे समजावलं, "दूध उतू गेलं असं म्हणू नको. तू ते उतू जाऊ दिलंस. तुला ठाऊक होतं आणि तुझा हात पोचत होता." आईचा हात किती लांब पोचतो, हे मला लगेच कळलं. या प्रकाराला 'केलं' असा रकाना होता आणि ते आईनं पुढे कधीच नाकबूल केलं नाही.

त्याच वर्षी कॉलेजात कावीळ आली.

पावसाळा संपता संपता एकेक जण पिवळा पडू लागला. पहिल्या तुकडीत मी होतो. कोणत्याही यादीत पहिल्या दहांत येण्याची माझी ती पहिलीच वेळ. मग कोणीतरी गच्चीवर गेलं आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मेलेलं कबुतर सापडलं. टाकीला झाकण नव्हतं.

झाकणाची कथा साधी होती. ते उन्हाळ्यातच फुटलं होतं. पाण्याचं काम परबांकडे. त्यांनी हेडक्लार्कला सांगितलं आणि तोवर प्लायवूडचा तुकडा टाकीवर ठेवून वर वीट ठेवली. हेडक्लार्कनं तो विषय इमारत समितीपुढे ठेवला. समितीनं तो पुढच्या बैठकीवर टाकला. मग गणपती आले, आणि परब गावी गेले. मालवणच्या माणसाला गणपतीत मुंबईत अडवून ठेवील असा प्राचार्य अजून जन्माला आलेला नाही. ते तिकडे असताना वाऱ्यापावसात प्लायवूड उडालं. त्या तुकड्याबद्दल दुसऱ्या कोणाला माहितीच नव्हती. आणि परब परत आल्यावर, आरत्यांनी घसा बसलेल्या अवस्थेत, गच्चीवर गेले नाहीत. वीट ठेवली आहे, या भरवशावर राहिले.

आता सगळं कॉलेज एकाच नावाकडे बघत होतं. परबांना दोन मुली होत्या, एक दहावीला. नोकरी जाणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. घंटेची वेळ त्यांच्या ध्यानातून निसटायची आणि तास दोन मिनिटं उशिरा सुटायचे.

मी घरी पडून होतो तेव्हा एका दुपारी केणी सर आमच्या खोलीत आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले उसाचे करवे. माझ्या गळ्यात काविळीची माळ होती. ती रोज थोडी लांबत जाते आणि तसतशी कावीळ उतरते, असं म्हणतात. सर खुर्चीवर बसायच्या आधीच माळेकडे वाकले. "माळ लांबते म्हणून कावीळ उतरते, की कावीळ उतरत असताना माळ आपली लांबते?"

"मास्तर," आई म्हणाली, "पोरगं बरं व्हतंय न्हवं? मग मार्क कुनाला का मिळंनात."

सर हसले. मग त्यांनी आईला सांगितलं, "इमारत समितीत मी आहे. झाकणाचा विषय निघाला तेव्हा मी समोर बसलो होतो. आमच्याकडे विचारतात, कोणाचा विरोध असेल तर हात वर करा. कोणी हात वर करत नाही. ठराव होतो. विषय पुढे ढकलला तेव्हा मीही केला नाही."

"का वं?"

"मी पत्रिकेच्या मागे गणित मांडत होतो. समितीनं केलं म्हणजे कोणी केलं, याचं."

आईला यातलं किती कळलं, मला माहीत नाही. तिनं उठून चहा ठेवला. कप पुढे करताना म्हणाली, "घ्या. पानी उकळलेलं हाय." सरांनी तो चहा खाली मान घालून प्यायला. ते गेल्यावर आई म्हणाली, "मानूस बरा हाय. पर बशीत चा वतून सोताच इचारंल, कुनी वतला."

चौकशीसाठी तिघांची समिती नेमली गेली. प्रिन्सिपॉल, संस्थेचे सेक्रेटरी आणि प्राध्यापकांच्या वतीनं केणी सर. आजारी विद्यार्थ्यांचा साक्षीदार म्हणून मला बोलावलं. मी आदल्या संध्याकाळी आरशापुढे तयारी केली. डोळे अजून पिवळसर होते, पण त्यामुळे माझ्या म्हणण्याला वजन येईल असं मला वाटलं.

सेक्रेटरींनी विचारलं, "पाणी कुठलं प्यायलास?"

मी म्हणालो, "सर, मी पाणी प्यायलो ही एक चौकट. तिच्यावर अक्षर माझं. पण पाणी दूषित होतं, ही त्या चौकटीच्या आतली दुसरी चौकट. तिच्यावर माझं अक्षर बसत नाही, कारण मी नसतो तरी..."

सेक्रेटरी प्रिन्सिपॉलांकडे वळले. "याला अजून ताप आहे का?"

केणी सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मला बाहेर पाठवण्यात आलं. तर्कशास्त्राच्या इतिहासातली माझी कामगिरी तेवढीच.

पुढचं मला परबांकडून कळलं. दाराबाहेर स्टुलावर बसणं हे त्यांचं कामच होतं, आणि दार बंद होत नसे. सरांनी आपलं म्हणणं सलग मांडलं. दोष परबांचा, कारण आल्यावर ते वर गेले नाहीत. आणि हेडक्लार्कचा, कारण त्यांनी एकदा सांगून सोडून दिलं. आणि प्रिन्सिपॉलांचा, आणि सेक्रेटरींचा, कारण इमारत समितीत झाकणाचा विषय त्यांनी पुढे ढकलला. आणि केणींचा, कारण त्यांना ठाऊक होतं, हात पोचत होता आणि त्यांनी तो वर केला नाही.

सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे परब दोषी आहे, हे सरांनाही मान्य आहे. मग प्रश्न मिटला." परबांना काढून टाकायचं आणि बाकीच्यांना समज द्यायची, असं ठरलं. कोणाचा विरोध असेल तर हात वर करा, असं विचारलं गेलं. सरांनी हात वर केला. दोघांविरुद्ध एक.

सर बाहेर आले तेव्हा परब उभे राहिले आणि मालवणीतच म्हणाले, "सर, तुमी माका वाचवूक इलास काय बुडवूक?"

सर तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात आले, खडू काढला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग फळ्यावर लिहिलं, 'अ आणि ब आणि क'. म्हणाले, "हे खरं असेल, तर यातून एकटा अ उचलता येतो. एकटा अ खराच असतो. हे मी जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतो. आणि मी काल नेमकं हेच विसरलो." खडू मोडला. त्यांनी तुकडा उचलला नाही. "मी पाच नावं एका माळेत ओवून दिली. त्यांनी एक मणी काढून घेतला. तर्काला दोष देता येणार नाही. माझ्या चौकटींत कोण किती जबाबदार ते कळतं. कोणाला फेकून देणं सगळ्यांत स्वस्त आहे, ते त्यात नाही."

 

"सर," मी उठलो, कारण गप्प बसणं ही माझ्या मते आता कृती झाली होती, "परबांचं नाव यादीतून काढून टाकलं तर?"

"ते खोटं होईल, गायकवाड. परब वर गेले नव्हते." मग ते फळ्याकडे वळले आणि दोन्ही 'आणि' पुसले. बराच वेळ त्या मोकळ्या जागांकडे बघत उभे राहिले. एकदम म्हणाले, "तर आणि तरच." त्यांनी तास अर्धवट सोडला. मी लिहून घेतलं, पण काय लिहून घेतलं ते मला कळलं नव्हतं.

तेव्हाच ते प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये शिरले. सेक्रेटरीही तिथे होते. सरांनी सांगितलं, माझ्या मांडणीत चूक होती, ती दुरुस्त करतो. परबांना शिक्षा होईल तर आणि तरच मला होईल, आणि जी त्यांना तीच मला. त्यांना काढलंत तर त्याच दिवसापासून मीही नाही.

"अहो सर, तुमची कायम नोकरी," प्रिन्सिपॉल म्हणाले. "घरी विचारलंत का?"

"घरी सांगून आलोय. विचारलं असतं तर नको म्हणाली असती."

"हे शास्त्र वर्गात ठीक आहे हो."

"मग वर्गात तरी कशाला शिकवायचं?"

परब सांगायचे, की यानंतर आत इतका वेळ शांतता होती की त्यांना वाटलं, मंडळी मागच्या दारानं गेली. त्या केबिनला मागचं दार नव्हतं, पण परबांना त्या दिवशी काहीही शक्य वाटत होतं. तर्कशास्त्राला दुसरा शिक्षक वर्षाच्या मध्यावर मिळणार नाही, आणि परबांना काढलं म्हणून केणी गेले हे चार लोकांना कळलं तर झाकणाची गोष्टही कळेल, असा हिशेब आत झाला असावा. हा माझा तर्क; चाळीतल्या नळासारखा. शेवटी ठरलं असं, की परबांची नोकरी राहील. पण शिक्षा म्हणून वर्ष संपेपर्यंत त्यांनी ऑफिसात बसायचं नाही, मागच्या गेटवर बसायचं. मागचं गेट म्हणजे गल्ली, उकिरडा आणि दुपारचं ऊन. नवा शिपाई आला की पहिलं वर्ष तिथे काढायचा. एवढ्या वर्षांनी तिथे पुन्हा बसणं म्हणजे काय, हे सगळ्या शिपायांना कळत होतं.

सेक्रेटरींना वाटलं, प्रकरण मिटलं. नवं झाकण आलं, लोखंडी, कुलूपवालं.

दुसऱ्या दिवशी दोन तासांच्या मधल्या मोकळ्या वेळात केणी सर स्टाफरूममध्ये गेले नाहीत. प्रयोगशाळेतलं एक स्टूल उचलून ते मागच्या गेटवर गेले आणि परबांच्या शेजारी बसले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी प्रिन्सिपॉल स्वतः खाली आले. "सर, हे काय चाललंय? लोक बघतात."

"जी त्यांना तीच मला, असं ठरलं होतं," सर म्हणाले. "मला तास आहेत, म्हणून पूर्ण वेळ बसता येत नाही. तेवढी सवलत मी घेतलीय."

परबच जास्त वैतागले होते. "सर, तुमी वर जावा ओ. तुमी हंय बसलास की माका बिडी ओढूक गावणा नाय."

"ओढा की."

"तुमच्या म्होरं? शोभता काय?"

मग सर मधूनच गल्लीच्या टोकापर्यंत चालून येऊ लागले. ते कशासाठी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आम्ही मुलं पुढच्या गेटनं येणारे मागच्या गेटनं येऊ लागलो. शंका विचारायला, वह्या दाखवायला, नुसतं बघायला. मी एकदा उत्साहानं म्हणालो, "सर, हे 'तर आणि तरच' मी परीक्षेत उदाहरण म्हणून लिहू?" सर म्हणाले, "लिहा. पण नावं घालू नका. परबांना आवडणार नाही." मी तसं लिहिलं. पन्नासपैकी बावीस मिळाले. उदाहरण चांगलं होतं. व्याख्या चुकली होती.

मार्चअखेरीस शेवटचा पेपर देऊन मी मागच्या गेटनंच निघालो. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या कॉलेजात वाणिज्यला जाणार होतो, कारण वडिलांना कोणीतरी सांगितलं होतं की बँकेत तर्कशास्त्र चालत नाही. सरांना हे सांगायचं मनात होतं, पण जमत नव्हतं. ऊन कडक होतं. भिंतीच्या कडेनं हातभर सावली होती आणि त्या सावलीत दोन स्टुलं अगदी चिकटून होती. सर मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन तपासत होते. परब गेटाची कडी धरून बसले होते.

तेवढ्यात पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची चौकशी करायला एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. गेट चुकून इकडे आल्या असाव्यात. त्यांनी पांढऱ्या शर्टातल्या, चष्म्याच्या माणसाकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं आणि हळूच परबांना विचारलं, "हे कोण हो?"

"सर आसत आमचे."

"मग इथे का बसलेत?"

"शिक्षा झाली हा तेंका."

"अगंबाई! कसली?"

परबांनी कडीवरचा हात काढला. सरांकडे एकदा बघितलं. सर पेपरात बुडाले होते, किंवा तसं दाखवत होते.

"माजीच," परब म्हणाले, आणि गेट उघडून त्या दोघींना आत घेतलं.

माझ्या तोंडात एक सूत्र आलं होतं. ते मी तिथेच गिळलं, दोघांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडलो. गल्लीच्या वळणावरून मागे बघितलं, तेव्हा सर आपलं स्टूल थोडं बाजूला सरकवत होते. सावली आखूड झाली होती, आणि उन्हात आलेली बाजू परबांची होती.